महालक्ष्म्यांच्या जेवणाला जाताना

ज्याच्या घरी रविवारी मटण शिजतं अशा माणसाला शाकाहारी मित्राकडून सणाच्या जेवणाचं आवतन आलं, की तो थोडा अवघडतो. आपलं तिथं काही चुकलं तर? त्यांच्या सोवळ्याला आपला हात लागला तर? आणि एक तिसरी शंका असते, ती कुणी मोठ्यानं बोलत नाही: नुसत्या वरणा-पुरणावर आपलं पोट भरेल का? या अवघडलेपणापायी पुष्कळ लोक ऐनवेळी काहीतरी कारण सांगून जाणं टाळतात. मित्राच्या घरी पान वाढलेलं राहतं. एवढ्याशा गोष्टीसाठी असं होऊ नये. आधी थोडी विचारपूस केली आणि पानावर बसल्यावर थोडं भान राखलं, तर यातलं काहीच अवघड नाही.

वैजापूर हे बाजारपेठेचं गाव. एकाच गल्लीत माळकऱ्याचं घर, जैन व्यापाऱ्याचं घर, महानुभाव पंथाचं घर, मुसलमानाचं, बौद्धाचं, मराठ्याचं, माळ्याचं घर अशी वस्ती आपल्याला नवी नाही. खेड्यावर तर एका घरातच दोन रीती असतात. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ असते आणि नातवाला मटणाशिवाय रविवार जात नाही. मग अंगणात तीन दगडांची चूल मांडून, वेगळ्या पातेल्यात कालवण होतं आणि आजोबांचं पिठलं आतल्या चुलीवर होतं. तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाईंची समाधी याच तालुक्यात शिऊरला आहे. गोदावरीतलं सराला बेटही वैजापूर आणि श्रीरामपूर तालुक्यांच्या शिवेवरच आहे. इथं माळ घालणारी माणसं घरोघरी सापडतात. 2014 च्या केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात दहापैकी सुमारे चार माणसं शाकाहारी निघाली होती. म्हणजे मांस खाणारे जास्त आहेत, पण शाकाहारी मित्र नसलेला मांसाहारी माणूस आपल्या भागात शोधून सापडायचा नाही.

सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाचं उदाहरण मला या विषयात फार मोलाचं वाटतं. श्रावणात होणारा हा अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावी भरतो. 2025 साली 178 वा सप्ताह वैजापूर तालुक्यातच, शनिदेवगावला झाला. आमटी-भाकरीचा महाप्रसाद ही त्याची ओळख. आमटी सप्ताहाच्या जागी मोठ्या प्रमाणावर शिजते आणि भाकरी मात्र गावोगावच्या घरांत थापल्या जातात, तिथून गाड्या भरून पंगतीला येतात. या भाकरी थापणारी सगळी घरं काही माळकरी नसतात. वर्षभर मटण-मासे खाणारी घरंही त्या दिवसांत ते बाजूला ठेवतात, तवा-काठवट स्वच्छ घासून घेतात आणि भाकरी करतात. मांस खाणारा माणूस शाकाहारी पंगतीत परका नाही, तिचं अन्नही त्याच्या घरून येतं, ही गोष्ट आपल्या तालुक्यात आधीपासूनच रुळलेली आहे. मित्राच्या घरी जातानाही मनात हेच असू द्या. आपण कुणाच्या उपकारावर जेवायला जात नाही आणि कुणाला आपली सवय सोसायला लावायलाही जात नाही.

आता कामाच्या गोष्टी. पहिली गोष्ट म्हणजे आवतन आलं की विचारायचं. ‘शाकाहारी’ एवढं समजून पुरत नाही, कारण प्रत्येक घराची रीत वेगळी असते. माळकऱ्याच्या घरी एरवी कांदा-लसूण चालतो, पण एकादशीला धान्यच चालत नाही. भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा, राजगिरा, रताळी यांचं जेवण असतं आणि खरं पक्वान्नाचं पान दुसऱ्या दिवशी द्वादशीच्या पारण्याला वाढतात. जैन घरात बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा ही जमिनीखालची कंदमुळं वर्ज्य असतात. पुष्कळ जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून तिथं ‘संध्याकाळी या’ याचा अर्थ दिवस मावळायच्या आत या असा घ्यायचा. पर्युषण आणि दशलक्षण ही त्यांची मोठी पर्वं श्रावणअखेर ते भाद्रपद या काळात येतात, तेव्हा नियम आणखी कडक होतात. महानुभाव घरात मांस आणि दारू दोन्ही वर्ज्य. काही घरांत चातुर्मासाचे चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद असतं. हे सगळं पाठ करायची गरज नाही. ‘तुमच्याकडे काय चालत नाही, आणि किती वाजता यायचं?’ हा एक फोन पुरतो. असं विचारलेलं कुणालाही आवडतं.

दुसऱ्या भागातून बदली होऊन आलेल्यांसाठी, विशेषतः कोकण-मुंबईकडच्या शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतल्या मंडळींसाठी, एक सूचना वेगळी द्यायला हवी. कोकणातल्या अनेक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण, कोंबडी, कुठे कुठे खेकडेसुद्धा देवीपुढे जातात. मराठवाड्यात त्याच गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांचं जेवण बहुतेक घरांत पूर्ण शाकाहारी, कांदा-लसणाशिवायचं आणि सोवळ्यातलं असतं. ‘आमच्याकडे तर गौरीला मटण लागतं’ हे वाक्य इथल्या पानावर बसून बोलू नका. देवीची रीत दोन्हीकडे खरी आहे, तेव्हा तो विषय जेवण झाल्यावर, पान-सुपारीच्या वेळी निघाला तर चांगला रंगतो.

मराठवाड्यात घरगुती सणांमध्ये महालक्ष्म्यांइतका मोठा सण नाही, म्हणून पुढचं बरंचसं त्यांनाच धरून सांगतो. अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा-कनिष्ठा घरात येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा आणि जेवण, मूळ नक्षत्रावर विसर्जन. आवतन मधल्या दिवसाचं असतं. त्या दिवशी घरातल्या बायका पहाटेपासून राबत असतात आणि नैवेद्य व्हायला दुपार टळते, काही घरांत दिवेलागण होते. तुम्ही भुकेल्या पोटी बाराला जाऊन बसलात तर तुमचेही हाल आणि त्यांचीही घाई. सकाळी घरी थोडं खाऊन जा. पण त्या दिवशी सकाळी मटण किंवा अंडं खाऊ नका. तुम्ही काय खाल्लं हे कुणी तपासायला येत नाही, तरी देवीपुढे हात जोडून त्या घरच्या पानावर बसायचं आहे, तर सकाळपुरता तेवढा संयम ठेवायला काही हरकत नसावी. दारूचं तर बोलायलाच नको. एक दिवस आधीपासूनच लांब राहा.

नैवेद्याचा एक प्रश्न लोक संकोचानं टाळतात. तुमच्या स्वतःच्या धर्मात किंवा पंथात देवतेला दाखवलेला नैवेद्य घेत नसतील, तर ते आधीच सांगा. काही मुसलमान आणि ख्रिस्ती मित्र प्रसाद घेत नाहीत, महानुभाव पंथीय इतर देवतांचा नैवेद्य खात नाहीत, बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञा पाळणारे बौद्धही तो टाळतात. यात यजमानाचा अपमान नसतो. ‘जेवायला येतो, फक्त नैवेद्याच्या ताटातलं वाढू नका’ एवढं आदल्या दिवशी सांगितलं, की समजूतदार घरात पातेल्यातलं अन्न वेगळं काढून ठेवतात. ऐन पानावर हात आखडून बसणं मात्र वाईट. यजमानाला कारण कळत नाही आणि त्याला वाटतं की अन्नातच काही उणं राहिलं.

काय न्यायचं? फुलं, फळं, नारळ हे कुठल्याही घरात चालतं. महालक्ष्म्यांच्या आधी दोन दिवस विचारून भाज्या नेऊन दिल्यात तर त्याहून चांगलं. नैवेद्यात 16 भाज्यांची एकत्र भाजी लागते आणि सोळाव्या भाजीसाठी दर वर्षी घरोघर धावपळ चालते. शेतात पडवळ, दोडका, भोपळा, गवार, अंबाडी असेल तर पिशवीभर नेऊन द्या. बाजारच्या मिठाईपेक्षा ती भेट जास्त दिवस आठवणीत राहते. केक, पेस्ट्री, बेकरीची सुटी बिस्किटं नेऊ नका. बऱ्याच पदार्थांत अंडं असतं आणि सुट्या मालावर खूण नसते. पाकीटबंद वस्तू घेत असाल तर चौकोनातला हिरवा ठिपका बघा. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी ठिपक्याची होती, नव्या नियमांत ती तपकिरी त्रिकोणाची झाली आहे. अंडं घातलेल्या पदार्थावरही तीच मांसाहाराची खूण येते, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. जेलीच्या गोळ्या आणि मार्शमॅलो यांत जिलेटिन असू शकतं आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढतात. मुलं हौसेनं असं पाकीट घेऊन निघतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या हातात काय आहे ते पाहा. जैन घरी मिठाई न्यायची तर बिनवर्खाची न्या. चांदीचा वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटत, त्यामुळे अनेक जैन घरांत तो आजही वर्ज्य मानतात.

उपवासाच्या घरी जाताना एक सावधगिरी पोटासाठी आहे. भगरीचं पीठ सुटं, जुनं, दमट जागी राहिलेलं घेऊन जाऊ नका. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या घटना मराठवाड्यात वारंवार घडल्या आहेत. न्यायचीच असेल तर पाकीटबंद, ताजी भगर न्या आणि दळून घ्यायची असेल तर त्याच दिवशी दळून घ्या.

घरात शिरल्यावर पाय धुवा, देवीपुढे जा, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबा. सोवळं पाळणाऱ्या घरात नैवेद्य होईपर्यंत बाहेरचा माणूस आत येत नाही. हा नियम घरच्या लोकांनाही लागू असतो, धोतर किंवा सोवळ्याचं लुगडं न नेसलेल्या पोरालाही आत सोडत नाहीत. तो आपल्यासाठी केलेला नियम समजून मनाला लावून घेऊ नका. नैवेद्य झाल्यावर मात्र हात वर करून बसू नका. पाट मांडणं, पाणी भरणं, पत्रावळी लावणं, पुढच्या पंगतीला वाढणं, ही पुरुषांनी हमखास करायची कामं आहेत. दिवसभर चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईला शेवटच्या पंगतीत गार पोळी मिळते. पाहुण्यांनी वाढायला घेतलं तर ती आधीच्या पंगतीत बसू शकते. एवढं केलं तर पाहुणचाराची अर्धी परतफेड तिथंच होते.

आता पानाकडे येऊ. वर मध्ये मीठ, डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर, पंचामृत, उजव्या अंगाला भाज्या आणि आमटी, मध्ये वरण-भाताची मूद, मग पुरणपोळी, कुरडई-पापड-भजी. या सगळ्यात मांस खाणाऱ्यानं आधी ओळख करून घ्यायची ती कटाच्या आमटीशी. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं पाणी म्हणजे कट. त्यात काळा मसाला, चिंच, गूळ आणि आपल्या भागात येसर घालतात. भाजलेलं धान्य आणि डाळी मसाल्यासोबत दळून येसर होतो, त्यानं आमटीला दाटपणा येतो. आपल्याला मटणाच्या रश्श्यात जे आवडतं, त्यातला मोठा भाग मांसाचा नसतो. तो भाजलेल्या खोबऱ्याचा, दगडफुलाचा, लवंग-दालचिनीचा, वर आलेल्या तर्रीचा असतो. ते सगळं या आमटीत आहे. एक वाटी नुसती ओरपून पाहा. ज्याला रस्सा कळतो त्याला ही आमटी इतरांपेक्षा लवकर कळते, असं माझं ठाम मत आहे. मित्राच्या आईला ‘आमटी पुन्हा वाढा’ म्हणा. दिवसभराच्या कष्टानंतर तिला याहून मोठी पावती नको असते.

पोटाच्या शंकेचं उत्तरही याच पानात आहे. कच्च्या हरभरा डाळीत 100 ग्रॅममागे सुमारे 21 ग्रॅम प्रथिनं असतात आणि कच्च्या मटणातही साधारण तेवढीच. शिजल्यावर डाळ पाणी धरते, त्यामुळे ताटात हिशेब सरळ सरळ बरोबरीचा राहत नाही. पण पुरण, कट, भज्यांचं बेसन, कढी, दही, तूप एकत्र पाहिलं तर हे जेवण हलकं मुळीच नाही. उलट नवख्याची चूक इथं होते. गोड आणि मऊ म्हणून तो पहिल्या दहा मिनिटांत तीन पोळ्या संपवतो आणि मग भाज्या, कढी, भात सगळं पानात पडून राहतं. पुरणपोळी अर्धी घ्या. ती तुपाशी खा, दुधाशी खा, गुळवणीशी खा, पण मध्ये मध्ये आमटीचा घोट, पंचामृताचं बोट, कोशिंबिरीचा घास घेत राहा. पंचामृत म्हणजे पूजेतलं दूध-दह्याचं तीर्थ नव्हे. तीळ, शेंगदाणे, हिरवी मिरची, चिंच आणि गुळाचं ते आंबट-गोड-तिखट तोंडीलावणं असतं. मिरचीच्या सवयीच्या जिभेला तेच सांभाळून घेतं. 16 भाज्यांची भाजी पहिल्या घासाला ओळखीची लागत नाही, कारण तिच्यात कुठलीच एक भाजी वर येत नाही. ती पोळीशी न खाता थोड्या भाताशी खाऊन पाहा. आणि शेवटी आंबील नाकारू नका. ज्वारीच्या पिठाची, ताकातली ती पातळ आंबट आंबील एवढ्या पुरण-तुपानंतर पोटाला उतार देते.

सर्वांची पानं वाढून होईपर्यंत, भातावर तूप पडेपर्यंत घास उचलू नका. पंगत उठेपर्यंत आपण उठू नका. उष्ट्या हातानं वाढपाच्या भांड्याला हात लावू नका, कुणालाही आपल्या पानातलं देऊ नका. आग्रह होणारच. नको असेल तेव्हा पानावर आडवा हात धरून हसून ‘आता पुरे’ म्हणा आणि ते पहिल्यांदाच, पोळी पानात पडण्याआधी म्हणा. पानात टाकलेलं अन्न हा या घरांतला सगळ्यात मोठा दोष मानला जातो. मांसाहारी असण्यापेक्षा कितीतरी मोठा. साखरेचा आजार असेल तर संकोच न करता यजमानाला आधी सांगा. पुरण बहुतेक घरांत गुळाचं असलं, तरी गूळही रक्तातली साखर वाढवतोच. अशा माणसानं वरण-भात, भाज्या, कढी, भजी यांवर जेवण करावं आणि पोळीचा प्रसादापुरता तुकडा घ्यावा.

बोलण्याबद्दल. ‘आज काही दम नाही जेवणात’, ‘मटण असतं तर मजा आली असती’, ‘तुम्ही कसं काय राहता बुवा याच्यावर’, ही वाक्यं थट्टेनं बोललेलीही त्या घरातल्या बाईच्या कानावर पडतात. माळ घातलेल्या मित्राला ‘एकदा खाऊन तर बघ’ असा आग्रह तर कधीच करू नका, त्याच्या घरी नाही आणि तुमच्या घरी नाही. मुलांना घरून निघतानाच सांगून ठेवा की आज काय असणार आहे. तरीही एखादं पोर पंगतीत ‘चिकन नाही का?’ विचारेल. त्याला रागवू नका, सगळ्यांदेखत तर नाहीच. ‘आज सणाचं जेवण आहे, हे खाऊन बघ’ म्हणून त्याच्या हातात कुरडई द्या. मुलं कुरडईवर खूश होतात.

जेवण झाल्यावर ‘घरी थोडं बांधून द्या’ असं आपणहून म्हणू नका. काही घरांत महालक्ष्म्यांच्या दिवशीचं अन्न विसर्जन होईपर्यंत घराबाहेर देत नाहीत. ज्यांच्याकडे चालतं ते स्वतःच डबा भरून देतात. तो डबा घरी आल्यावर मांसाच्या कालवणासोबत एका पंगतीत वाढू नका, आणि परत करताना रिकामा न देता त्यात साखर किंवा फळं घालून द्या.

इथपर्यंत पाहुण्याचं झालं. यजमानांनाही काही सांगायला हवं, कारण अवघडलेपणाचं मूळ कधी कधी त्यांच्या दारात असतं. मित्राला बोलावून त्याला ओसरीवर वेगळं बसवणं, त्याच्यासाठी निराळा पेला काढणं, ‘तुम्ही खाता ना?’ असं विचारत विचारत त्याच्या जातीपर्यंत पोचणं, हे सोवळं नव्हे. तो अपमान आहे आणि समोरच्याला तो बरोबर कळतो. पैठण आपल्याच जिल्ह्यात आहे. श्राद्धासाठी शिजवलेलं अन्न भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला वाढणाऱ्या संत एकनाथांची कथा या मातीत चारशे वर्षं सांगितली जाते. त्या नाथांचं नाव घेणाऱ्या घरात पंगतीला दोन ओळी असू नयेत. सोवळ्याचा नियम असेल तर तो स्वयंपाकघरापुरता ठेवा आणि नैवेद्यापर्यंत ठेवा. पंगत सगळ्यांची एक मांडा. तेवढं जमत नसेल तर बोलावू नका, ते जास्त प्रामाणिक होईल. आणि पाहुण्याला मी हे सांगेन: वेगळं बसवलं तर तिथं भांडण करू नका, पण गप्पही राहू नका. दुसऱ्या दिवशी मित्राला एकट्याला गाठून स्पष्ट सांगा की वाईट वाटलं. खरा मित्र असेल तर पुढच्या वर्षी त्याच्या घरची पंगत बदललेली दिसेल. नसेल तर पुढच्या वर्षी जायचं कारण उरत नाही.

शाकाहार करणाऱ्यांनी पाहुण्याला पानावर बसवून मांसाहार सोडण्याचा उपदेश करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. समोरचा माणूस तुमच्या रीतीचा मान ठेवून आला आहे. त्याच्या घरच्या चुलीला नावं ठेवायची ती वेळ नाही.

एकमेकांसाठी थोडं मागंपुढं सरकणं आपल्याकडे जमतं, याचा पुरावा जुना नाही. 2022 मध्ये 10 जुलैला आणि 2023 मध्ये 29 जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. इस्लाममध्ये कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते. तिचा आधार घेऊन राज्यातल्या अनेक गावांतल्या मुसलमानांनी एकादशीच्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढच्या दिवशी केली. नमाज झाली, गळाभेटी झाल्या, वारकऱ्यांचा उपवासही झाला. यासाठी वरून कुणाचा हुकूम लागला नाही, गावातल्या जाणत्या लोकांनी बसून ठरवलं.

म्हणून महालक्ष्म्यांचं जेवण जेवून आलात की मित्राला परत बोलवा. शाकाहारी माणसाला मांसाहारी घरात जेवायला जाताना तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते, कारण नकळत काही पोटात गेलं तर त्याचं व्रत मोडतं. त्याची ती भीती घालवणं हे तुमचं काम आहे. कंदुरी, बोकडाची जत्रा, बकरी ईद या दिवशी त्याला बोलावू नका, दुसरा दिवस निवडा. रमजान ईदचा शीरखुर्मा दूध, शेवया, खजूर, सुक्या मेव्याचा असतो, त्याला शाकाहारी मित्र आनंदानं येतात. फक्त तो वेगळ्या, स्वच्छ भांड्यात, मांस शिजायच्या आधी करा. भजी-पुऱ्यांचं तेल ताजं घ्या, आदल्या दिवशी मासे तळलेलं तेल गाळून वापरू नका. डाव, झारा, चमचे वेगळे ठेवा. ‘नुसता रस्सा आहे, फोडी काढल्यात’ असं म्हणून कुणालाही वाढू नका. आणि फसवून, गंमत म्हणून मांस खाऊ घालण्याचा प्रकार कुणी तुमच्या पंगतीत करत असेल तर त्याला तिथल्या तिथं थांबवा. अशी गंमत करणाऱ्या माणसाशी मैत्री ठेवण्यात अर्थ नाही.

या दिवाळीच्या आत बाजारातून एक नवं पातेलं आणि दोन डाव आणा, ते फक्त शाकाहारी स्वयंपाकासाठी बाजूला ठेवा, आणि मित्राला आवतन देताना फोनवरच सांगून टाका की तुमच्यासाठी भांडी वेगळी आहेत, निर्धास्त जेवायला या.